मुंग्या लागलेला कौल

माझी नात परदेशात असते आणि तिथं तिनं नवा धर्म धरला आहे. फोनवर तिनं तो मला समजावून सांगितला. तिथली काही माणसं, बहुतेक सगळी शिकलेली आणि नोकरीवाली, पौर्णिमेला एका झाडाखाली गोल करून उभी राहतात, मेणबत्त्या लावतात, चारी दिशांना हाक मारतात आणि मग आपापल्या मोटारींनी घरी जातात. याला विक्का म्हणतात. त्यांचे नियमही आहेत. कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर. दुसऱ्याला जे पाठवशील ते तिपटीनं तुझ्याकडे परत येईल. आणि ज्याच्यासाठी काही करायचं त्याला आधी विचार. परवानगीशिवाय कुणाचं भलंसुद्धा करायला जाऊ नकोस. हे सगळं फार प्राचीन आहे, असं ती म्हणाली. मी थोडं खोदून विचारलं तेव्हा या प्राचीन धर्माची पुस्तकं माझं लग्न होऊन गेल्यावर छापली गेली असं निघालं.

"आजी, तुमच्याकडे असं काही होतं का गं?" तिनं विचारलं.

होतं तर. फक्त आम्ही त्याला धर्म म्हणत नव्हतो. आम्ही त्याला आत्ती म्हणत होतो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि घरातल्या कामातून वेळ काढून गावदेवीची सेवा करू लागली. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. देवी ओढ्यापलीकडच्या राईत होती. त्या राईतलं वाळकं लाकूडसुद्धा कुणी घरी आणत नसे. गुऱ्हाळाला जळण कमी पडलं तरी नाही. देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक पाषाण. त्याला नाक-डोळे काही नव्हते. खांदे मात्र दोन होते, आणि गावाचा सगळा कारभार त्या दोन खांद्यांवर चाले.

म्हैस दूध देईना, पोर रात्री दचकून उठतंय, सून माहेरहून येईना, की माणसं आत्तीकडे येत. ती मीठमोहऱ्या उतरवायची, अंगारा लावायची, अमावस्येला ओढ्यात दिवा सोडायची. पण वाईट मागायला आलेल्याची ती खैर ठेवत नसे. बांधावरून भांडण असलेला एक शेतकरी एकदा तिच्याकडे आला. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आटावं असं काहीतरी कर, असं त्याचं म्हणणं. आत्तीनं शांतपणे त्याच्या हातात मीठ मंतरून दिलं.

"ह्ये आदी तुज्या हिरीत टाक," ती म्हणाली.

"माज्या? माज्या कशापायी?"

"फिरून तुज्याकडंच येनार हाय ते. दोन येळा कशाला त्याला चालीवतोस?"

तो मीठ तिथंच ठेवून गेला. आत्तीनं ते कालवणात घातलं.

विचारल्याशिवाय कुणासाठी काही करायचं नाही, हा तिचा दुसरा हट्ट. हा मात्र फार महागात पडे. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून एक बाई आली, तर आत्ती म्हणाली, "त्याला घिऊन ये. त्यो व्हय म्हनला तर करू." बाईनं नवऱ्याला आणलं. तो तर्र होता आणि अतिशय प्रेमळ झाला होता. आत्ती विचारील त्याला तो हो म्हणाला, आत्तीच्या पाया पडला, बायकोच्याही पडला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर यातलं त्याला काहीच आठवेना आणि तो कशालाच हो म्हणेना. आत्ती म्हणाली, शुद्धीत न्हाई म्हणाला ते खरं. त्या बाईनं आत्तीशी बोलणं टाकलं.

ती लढाईची वर्षं होती. वडील फौजेत होते, कुठं ते आम्हाला नीट ठाऊक नसे. जिल्ह्यात तेव्हा दोन सरकारं होती, एक साहेबाचं आणि एक भूमिगतांचं, आणि आमच्या घरात तिसरं होतं, थोरल्या चुलत्यांचं. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. पहिल्या दोन सरकारांविरुद्ध लोक बोलत तरी होते. आबांपुढं माझी आई तोंडसुद्धा उघडत नसे. थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही, असा रिवाजच होता. तिला काही सांगायचं असलं की ती भिंतीला किंवा म्हशीला सांगायची आणि आबा ते ऐकायचे. त्यांना उत्तर द्यायचं असलं की तेही म्हशीलाच द्यायचे. आमच्या म्हशीला घरातलं सगळं माहीत होतं.

मी मराठी सातवी पास झाले होते आणि मला सांगलीला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. माझे मामा माधवनगरला गिरणीत होते, राहायची सोय तिथं होणार होती. वडील रजेवर आले तेव्हा "जा" म्हणून गेले होते. पण ते गेल्यावर शिरवळकडचं एक स्थळ आलं. बिजवर होता, घरात पहिलीची दोन मुलं होती, जमीन चांगली होती. आबांच्या मनात ते भरलं. आबा दुष्ट नव्हते, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मला ताप आला की गुडघाभर चिखलातून वैद्याकडे जाणारे तेच होते. पण भाऊ फौजेत, त्याचं काय होईल सांगता येत नाही, आणि अशात पोरगी बिनलग्नाची सांगलीत एकटी, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. भावानं दिलेला शब्द मोडावा कसा, एवढीच त्यांची अडचण होती. ती त्यांनी देवीवर टाकली.

"कौल लावू," ते म्हणाले. "देवी म्हनंल तसं."

कौलाची रीत साधी होती. कण्हेरीच्या दोन पाकळ्या नुसत्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी पडेपर्यंत कुणी उठायचं नाही, खायचं नाही, देवीला हात लावायचा नाही. एका गोष्टीला एकच कौल. पाकळ्या गुरव लावी, आणि मनासारखा कौल न मिळालेला कुणी पुन्हा विचारू लागला तर आत्ती त्याला हाकलून देई.

आता पुढचं जे सांगते ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. अर्धं मला आईनं सांगितलं, आणि अर्धं आबा वारल्यावर गुरवानं.

गुरव आबांच्या खळ्यावरून मिळणाऱ्या धान्यावर जगत होता. आबांनी त्याला आदल्या दिवशी गुऱ्हाळावर बोलावलं, ताजा गूळ खाऊ घातला आणि वाटीभर काकवी दिली. उजवी पाकळी पाण्याऐवजी काकवीत बुडव, असं सांगितलं. उजवी हलली नाही म्हणजे डावी पडणारच. गुरव म्हणाला, आवं पर देवीला फसवायचं कसं? तर आबा म्हणाले की, गड्या, मोसमाची पहिली काकवी देवीला दाखवायचीच असते, ती थोडी खांद्यावर दाखवायची, एवढंच. गुरवाला ते पटलं.

इकडे आईनं काय केलं? कौल ज्यांच्या घरचा असेल त्या घरातल्या बाईनं सकाळी देवीला न्हाऊ घालायची पद्धत होती. आईनं देवीला न्हाऊ घातलं, शेंदूर लावला आणि पदराआडच्या वाटीतली काकवी डाव्या खांद्यावर चोपडली. शेंदरावर काकवी दिसत नाही. डावी हलली नाही म्हणजे उजवी पडणारच. नंतर मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? तर ती म्हणाली, भीती कसली, मोसमाची पहिली काकवी देवीला द्यायचीच असते.

एकाच घरातली, एकाच काहिलीतली काकवी. आमच्याकडे ऊस नसता, ज्वारी असती, तर माझं आयुष्य नक्की वेगळं झालं असतं.

सकाळी सगळे राईत जमले. आबा पुढं, त्यांच्यामागं गावातली दहापाच माणसं, बाजूला बायका. गुरवानं पाकळ्या लावल्या. आबांनी हात जोडून विचारलं, "आई, ह्या पोरीला सांगलीला धाडू का? व्हय आसंल तर उजवी दे, न्हाई आसंल तर डावी दे." आणि सगळे गप्प बसले.

पाकळ्या पडल्या नाहीत.

ऊन चढलं. एरवी उन्हानं पाणी वाळलं की पाकळी सुटायचीच. या दोन्ही तशाच राहिल्या, उलट जास्त घट्ट बसल्यासारख्या दिसू लागल्या. म्हातारी माणसं चुळबुळायला लागली. असं कधी झालं नव्हतं. आबांची वेगळीच घालमेल चालली होती, कारण गुऱ्हाळावर काहील चढवून ते आले होते. ओढ्यापलीकडून गुळव्याची हाक आली, "पाक आला, मालक! या!" पाक उतरवायच्या वेळी आबा समोर लागत, त्यांच्याशिवाय काहील उतरवायची कुणाची हिंमत नव्हती. पण कौलावरून उठायचं नाही. आबा बसल्या जागी घाम पुसत राहिले. गुळव्या हाका मारत राहिला.

मग मुंग्या आल्या.

आधी एक रांग देवीच्या उजव्या बाजूनं वर चढली. माणसांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, देवीनं आपलं दळ बोलावलं. आबांनी गुरवाकडे पाहिलं आणि गुरवानं आभाळाकडे. आईला या रांगेचा अर्थ लागेना, कारण तिनं काकवी डावीकडे लावली होती. तेवढ्यात दुसरी रांग डाव्या बाजूनं चढली. आता आबांना अर्थ लागेना. ते डाव्या खांद्याकडे बघत राहिले, मग त्यांनी हळूच मान वळवली. आईही उजव्या खांद्यावरची नजर काढून त्यांच्याकडेच बघत होती. लग्न होऊन आल्यापासून आईनं थोरल्या दिराच्या डोळ्याला डोळा भिडवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. दोघांनाही सगळं कळलं आणि दोघांनाही बोलायची सोय नव्हती. एक म्हातारा तोवर जमलेल्यांना समजावून सांगत होता की दोन्हीकडून मुंग्या येणं हे पाऊसपाण्याला फार चांगलं.

आत्ती उठली. कौलावरून उठलेलं माणूस मी तेव्हा प्रथम पाहिलं. ती देवीजवळ गेली, तिनं एक बोट उजव्या खांद्यावरून फिरवलं, दुसरं डाव्या, आणि दोन्ही चाटून पाहिली. मग ती आबा आणि आई दोघांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "देवीला ग्वाड आवडतं, ठावं हाय मला. पर दोनी खांद्यांवर?"

तिनं ओढ्याचं पाणी आणायला लावलं, घागरीवर घागर ओतून देवीला घासून धुतलं. मुंग्या वाहून गेल्या, पाकळ्या वाहून गेल्या. मग ती लोकांकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "देवी बोलली न्हाई. कशी बोलंल? जिचं इचारताय तिला इचारलंय का कुनी?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बायकांच्या मागं उभी होते. आत्तीनं मला हात धरून पुढं आणलं.

"पोरी, तुला काय पायजे ते तुज्या तोंडानं सांग."

माझ्याबद्दल घरात कितीतरी महिने बोलणं चाललं होतं. आबा बोलले होते, मामा बोलले होते, शिरवळकर बोलले होते, म्हैससुद्धा सामील होती. मला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यात काही राहून गेलंय असं मलाही वाटलं नव्हतं. आत्तीनं विचारलं आणि मला एकदम रडूच कोसळलं. त्या रडण्यातून मी कसंबसं म्हणाले, "मला सांगलीला जायचंय."

"हां," आत्ती म्हणाली. "आता ऱ्हा हुबी."

तिनं गुरवाला बाजूला केलं. स्वतःच्या हातानं दोन नव्या पाकळ्या घेतल्या, सगळ्यांना दिसेल अशा ओढ्याच्या पाण्यात बुडवल्या, दोन खांद्यांवर लावल्या आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी कसलीही लबाडी नव्हती. माझ्या मनात कुठलीच शंका राहिली नाही. पुस्तकातल्या गोष्टींत अशा वेळी काय होतं ते मला वाचून ठाऊक होतं.

डावी पडली. लगेच पडली. देवीला विचारसुद्धा करावा लागला नाही.

मी आत्तीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. माझ्यावर तिचा जीव होता, आणि आपल्या हातानं आपण काय करून बसलो ते तिला दिसत होतं. पण पडलेली पाकळी ती उचलून परत लावणार नव्हती, हेही मला कळत होतं. आबांनी डोळे मिटून देवीला हात जोडले. मला वाटतं त्या क्षणी त्यांचा देवीवर खरोखर विश्वास बसला. बायका उठायला लागल्या. शिरवळचं घर, ती दोन मुलं, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं.

तेव्हा आई बोलली. ती आबांकडे बघत नव्हती. तिथं म्हैस नव्हती, भिंत नव्हती, म्हणून ती देवीशी बोलली, पण इतक्या मोठ्यानं की ओढ्यापलीकडच्या गुळव्याला ऐकू जावं.

"तू न्हाई म्हनलीस. तुजं बराबर आसंल. पर ही माजी हाय, आन् मी हिला धाडनार. तुजा सबूद मोडला म्हून जे काय फिरून यायचं आसंल, ते माज्या दारात येऊ दे. हिच्या वाटंला जाऊ नगंस. ऐकलंस का?"

देवीशी भांडलेली माणसं आम्ही पाहिली होती, पण तिचं म्हणणं मान्य करून वर स्वतःचंच करणारी बाई कुणी पाहिली नव्हती. आबांना कंठ फुटला. "देवीच्या सबदाभायेर जायाचं? आमच्या घरात?" त्यांना आणखी बरंच बोलायचं होतं. पण आत्तीनं मघाशी काकवी चाटलेलं बोट त्यांच्यासमोर धरलं, आणि आबा थांबले.

"दादा," आत्ती म्हणाली, "तिनं कुनाचं वाईट मागितलं न्हाई. मागितलं ते सोताला मागितलं. ह्यात माजा कायदा आडवा येत न्हाई." मग तिनं वाऱ्याच्या दिशेला नाक केलं. "आन् तुजी काईल करपली बग."

करपलीच होती. राईपर्यंत वास आला. आबा धोतर सावरत ओढ्याकडे पळाले. तो काळा गूळ बाजारात कुणी घेईना, म्हणून वर्षभर आम्हीच खाल्ला. मी सुट्टीला घरी आले की आबा माझ्या चहात तो घालून द्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. मीही तो चहा बिनतक्रार प्यायची.

मी सांगलीला गेले, शिकले, माधवनगरला शाळेत लागले, माझ्याच शाळेतल्या मास्तरांशी लग्न केलं. सगळं इतकं सुरळीत झालं की गावातली काही भाविक माणसं नाराज झाली. पण त्यांच्याहून जास्त अस्वस्थ आई होती. ती वाट बघत होती. देवीचा शब्द मोडला आहे, तेव्हा काहीतरी येणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हैस दगावली तेव्हा तिला वाटलं, आलं. पण एका म्हशीवर एवढं मोठं प्रकरण भागेल का, असंही वाटलं. लढाई संपून वडील धडधाकट घरी आले, तेव्हा ती आनंदानं रडली आणि दुसऱ्याच दिवशी काळजीत पडली. मग राहिलं कोण? मला साधी सर्दी झाली तरी ती गाडी पकडून माधवनगरला यायची, उंबऱ्यातूनच देवीला सुनवायची, "हिथं न्हाई. माजं दार तिकडं हाय." मी तिला हसायची. शिकलेल्या बाईनं हसायला हवं म्हणून हसायची. पोरांपैकी कुणी तापानं फणफणलं की मात्र मला हसू येत नसे, आणि आई दारात दिसली की बरं वाटायचं.

पुढं आत्ती गेली, आबा गेले, वडील गेले. आई खूप जगली. शेवटी थंडीत तिला खोकला धरला, तो छातीत उतरला आणि आम्ही तिला सांगलीला दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता शरीर साथ देत नाही, यात विशेष काही कारण शोधायला नको. मी तिच्या उशाशी बसले होते. दुपारी तिनं डोळे उघडले.

"तू बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे गं."

"पोरं?"

"सगळी बरी आहेत. नातीचा फोन आला होता सकाळी."

"म्हंजे कुनालाच काय न्हाई."

"कुणालाच नाही."

ती हसली. एवढ्या वर्षांत तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. खोकल्याची उबळ आली, ती तिनं जाऊ दिली आणि माझा हात घट्ट धरला.

"मंग मलाच आलं," ती म्हणाली. "माज्याच दारात आलं. मी सांगितलं हुतं तिला. लय उशीर केला बाईनं, पर ऐकलं."

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. वय, छाती, थंडी. आयुष्यभर मुलांना कार्यकारणभाव शिकवलेली मी बाई.

"व्हय गं आई," मी म्हटलं. "ऐकलं तिनं."